किशोरमनाचे रहस्यपट आणि प्रेक्षकांचीं मतें

परभणी जिल्ह्याच्या सेलू तालुक्यांत वालूर नांवाचें एक जुनें गांव आहे. तेथील एक बारव पाहण्यासाठीं अलीकडे लांबून लांबून माणसें येतात. इतर बारवांच्या पायऱ्या बहुधा सरळ खालीं उतरतात. हिच्या पायऱ्या चक्राकार फिरत फिरत तळाशीं जातात. पुष्कळ वर्षें ही बारव गाळानें आणि झाडझाडोऱ्यानें भरून गेली होती. गांवकऱ्यांनीं श्रमदान करून ती मोकळी केली, आणि २०२२ सालीं टपाल खात्यानें महाराष्ट्रांतील बारवांचीं चित्रपोस्टकार्डें काढलीं, त्यांत वालूरच्या बारवेलाहि स्थान मिळालें.

गेल्या दिवाळींत मी माझ्या मावसबहिणीकडे वालूरला गेलों होतों. दुपारीं ती बारव पाहिली आणि रात्रीं घरच्या मंडळींबरोबर दूरचित्रवाणीवर एक मराठी चित्रपट पाहिला. योगायोग असा कीं, त्याचें नांव ‘विहीर’. चित्रपट संपल्यावर घरांत जी बोलाचाली झाली, तिच्यामुळेंच आजच्या भाषणाचा विषय मला सुचला. त्या बोलाचालीकडे मी शेवटीं येईन. प्रथम, किशोरवयीन मुलांच्या मनाचा ठाव घेऊं पाहणारे हे जे चित्रपट निघतात, ते कशा जातीचे असतात, त्यांत दोष कोठें उत्पन्न होतो, आणि त्यांच्यावर प्रेक्षकांचीं मतें इतकीं परस्परविरुद्ध कां पडतात, हें आपण पाहूं.

साध्या रहस्यपटांत चोरी होते, खून पडतो, आणि तो कोणी केला हें शोधून काढावयाचें असतें. तेथें रहस्य एखाद्या कपाटांत, पत्रांत किंवा कोणाच्या तरी खोट्या साक्षींत दडलेलें असतें. मानसशास्त्रीय रहस्यपटाची गोष्ट निराळी. कृत्य कोणी केलें हें तेथें पुष्कळदां आरंभींच ठाऊक असतें; करणाऱ्याच्या मनांत काय चाललें होतें, हेंच खरें रहस्य. म्हणूनच अशा चित्रपटांच्या केंद्रस्थानीं अनेकदां तेरा ते अठरा वर्षांचीं मुलें असतात. या वयास आपण पौगंडावस्था म्हणतों. कालपर्यंत शाळेंतून आल्याबरोबर सारें कांहीं आईला सांगणारा मुलगा एकाएकीं खोलीचें दार लावून घेऊं लागतो. दार लावण्यांत गैर कांहींच नाहीं. वाढीचाच तो एक भाग आहे. परंतु बाहेर उभ्या असलेल्या आईबापांना आंतलें दिसत नाहीं, आणि जें दिसत नाहीं त्याचें माणसाला भय वाटतें. या भयावरच असल्या चित्रपटांचें भांडवल उभें राहतें.

हें भय पडद्यावर कसें निर्माण करितात, हें समजून घेतलें म्हणजे मत देणें सोपें जातें. आल्फ्रेड हिचकॉक हा या कलेंतला मोठा जाणकार. फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफो यानें १९६२ सालीं त्याची दीर्घ मुलाखत घेतली, तींत त्यानें एक दाखला दिला आहे. दोन माणसें टेबलाशीं बसून साध्या गप्पा मारीत आहेत. एकाएकीं टेबलाखालीं ठेवलेल्या बाँबचा स्फोट होतो. प्रेक्षक दचकतो, पण पंधरा सेकंदांत सारें संपतें. आतां तेंच दृश्य पुन्हां घ्या. मात्र या वेळीं बाँब ठेवलेला प्रेक्षकाला आधींच दाखवा. त्याच निरर्थक गप्पा आतां त्याचा जीव टांगणीला लावतात. ‘अरे, उठा तेथून!’ असें त्यास ओरडावेंसें वाटतें. पहिल्या प्रकारांत पंधरा सेकंदांचा धक्का आहे. दुसऱ्यांत पंधरा मिनिटांची उत्कंठा आहे.

वालूरच्या बारवेच्या कांठावर उभें राहिलें असतां हा भेद मला नीट उमगला. पाण्यापर्यंत पोंचण्याचे मार्ग दोन. एक तर पायरी पायरीनें, वळणावळणानें खालीं उतरावें. नाहीं तर कोणी मागून ढकलून द्यावें. पाण्याला दोघेहि लागतात. परंतु जो पायऱ्यांनीं उतरला त्याला वाट कळते आणि वर येतां येतें. जो ढकलला गेला त्याच्या पदरीं केवळ घाबरगुंडी पडते. किशोरमनावरील सदोष चित्रपटाचा पहिला आणि मुख्य दोष हाच, कीं तो प्रेक्षकाला ढकलतो. मुलगा भयंकर कृत्य करितो तें आपण पाहतों. पण त्या कृत्याकडे तो ज्या लहान लहान पायऱ्यांनीं गेला, त्या पडद्यावर नसतात. घरांतील अबोला, वर्गांतील अपमान, मित्रांपुढें मिरविण्याची हौस, भूक, कंटाळा, या गोष्टी दाखविण्यास वेळ लागतो. रक्त दाखविण्यास लागत नाहीं.

दुसरा दोष याच्या उलट बाजूचा. पायऱ्या गाळल्या हें दिग्दर्शकाच्याहि ध्यानांत येतें, आणि मग शेवटीं एखादा डॉक्टर किंवा पोलीस अधिकारी उभा करून त्याच्या तोंडून साऱ्या प्रकरणाचें निदान वदविलें जातें. हिचकॉकच्या ‘सायको’ या १९६० सालच्या प्रसिद्ध चित्रपटाच्या शेवटींहि एक मनोवैद्य येऊन असें व्याख्यान देतो, आणि अनेक रसिकांना तें आजहि खटकतें. एवढ्या कुशल माणसाच्या हातूनहि जें नीट साधलें नाहीं, तें इतरांच्या हातून क्वचितच साधतें. तिसरा दोष अधिक गंभीर आहे. मन आजारी आहे म्हणजे माणूस धोक्याचा आहे, असें समीकरण हे चित्रपट नकळत पसरवितात. वस्तुस्थिति तशी नाहीं. मानसिक त्रास भोगणारीं बहुसंख्य माणसें दुसऱ्या कोणालाहि इजा करीत नाहींत. तीं स्वतःच सोसत असतात. पडद्यावरील भयानक मुलगा पाहून घरांतील गप्प मुलाविषयीं जर आपल्याला संशय वाटूं लागला, तर त्या चित्रपटानें आपलें नुकसानच केलें म्हणावयाचें.

आतां एक घरचें उदाहरण घेऊं. १४ जानेवारी २०२२ रोजीं महेश मांजरेकर यांचा ‘नाय वरन भात लोन्चा कोन नाय कोन्चा’ हा चित्रपट प्रदर्शित झाला. तो जयंत पवार यांच्या कथेवर आधारलेला आहे. मुंबईच्या गिरणगांवाचें जीवन आंतून जाणणारा हा लेखक, चित्रपट पडद्यावर येण्यापूर्वींच, ऑगस्ट २०२१ मध्यें निवर्तला. त्यांच्याच ‘अधांतर’ या नाटकावरून मांजरेकरांनीं २०१० सालीं ‘लालबाग परळ’ काढला होता. १८ जानेवारी १९८२ रोजीं मुंबईच्या कापडगिरण्यांत जो संप सुरू झाला, त्यांत सुमारें अडीच लाख कामगार सामील होते. त्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, चाळींतले बाप घरीं बसले, आणि मुलें रस्त्यावर वाढूं लागलीं. अशा विझत चाललेल्या वस्तींतील दोन कोवळ्या वयाच्या मुलांची, गुन्ह्याकडे सरकत जाणारी ही कथा.

चित्रपट लागण्यापूर्वींच वादळ उठलें. त्याच्या जाहिरातीसाठीं जी झलक दाखविली गेली, तींत अल्पवयीन मुलांच्या संबंधांत आक्षेपार्ह दृश्यें असल्याची तक्रार झाली. राष्ट्रीय महिला आयोगानें त्याविषयीं केंद्र सरकारच्या माहिती व नभोवाणी मंत्रालयाला लिहिलें. निर्मात्यांनीं तीं दृश्यें झलकेंतून मागें घेतलीं. चित्रपटाला केवळ प्रौढांसाठीं असलेलें ‘ए’ प्रमाणपत्र होतें. पुढें प्रकरण न्यायालयापर्यंत गेलें.

प्रेक्षकांचे सरळ दोन तट पडले. एका तटाचें म्हणणें असें कीं, हें सारें किळसवाणें आहे आणि मराठी पडद्याला न शोभणारें आहे. दुसऱ्या तटाचें म्हणणें असें कीं, गिरणगांवाच्या पोरांवर खरोखरच असें दिवस आले. तें पाहवत नसेल तर दोष पाहणाऱ्याचा. तिसरा एक लहानसा गट होता, त्याचें म्हणणें मला अधिक विचार करण्याजोगें वाटतें. तो म्हणत होता कीं, विषय खरा आहे, नटांनीं जीव ओतला आहे, परंतु मुलांच्या मनापेक्षां त्यांच्या हिंसेकडेच कॅमेऱ्याचें लक्ष अधिक राहिलें आहे. कथेंत ज्या पायऱ्या होत्या, त्यांतल्या कांहीं पडद्यावर येतांना गळाल्या.

या तिन्ही तटांच्या वादांत एक घोटाळा होता, आणि तो अशा प्रत्येक वादांत होतो. तीन निरनिराळे प्रश्न एकाच वाक्यांत कोंबले जातात. पहिला प्रश्न : चित्रपटांत दाखविलें तें खरें आहे काय? दुसरा : तें चांगल्या रीतीनें दाखविलें आहे काय? आणि तिसरा : तें कोणी पाहावें? पहिल्या प्रश्नाचें उत्तर ‘होय’ असून दुसऱ्याचें ‘नाहीं’ असूं शकतें. दोन्हींचें उत्तर ‘होय’ असलें, तरी तिसऱ्याचें उत्तर ‘माझ्या बारा वर्षांच्या मुलीनें नको’ असें असूं शकतें. ‘चित्रपट वाईट आहे’ असें कोणी म्हणालें, म्हणजे या तिहींपैकीं कोणत्या अर्थानें वाईट, एवढें विचारून पाहावें. निम्मा वाद तेथेंच मिटतो, आणि उरतो तो निम्मा वाद मात्र घालण्यासारखा असतो.

तिसऱ्या प्रश्नाकडे दुर्लक्ष झालें म्हणजे काय होतें, याचें एक परदेशी उदाहरण सर्वांस ठाऊक असण्यासारखें आहे. २०१७ सालीं ‘थर्टीन रीझन्स व्हाय’ नांवाची एक अमेरिकन मालिका नेटफ्लिक्सवर आली. शाळेंत शिकणारी एक मुलगी आत्महत्या करिते आणि त्याचीं कारणें मागें ठेवून जाते, अशी तिची कथा. लाखो मुलांनीं ती पाहिली. ‘आमच्या शाळेंत असेंच चालतें, आमचें कोणी ऐकत नाहीं’, असें कित्येकांनीं सांगितलें. म्हणजे पहिल्या प्रश्नाचें उत्तर त्यांनीं ‘होय’ असें दिलें. परंतु मृत्यूचें दृश्य इतक्या तपशिलानें दाखविल्याबद्दल डॉक्टरांनीं आरंभापासून धोक्याची सूचना दिली होती. मालिका आल्यानंतरच्या महिन्यांत अमेरिकेंतील १० ते १७ वर्षांच्या मुलांच्या आत्महत्या वाढल्याचें एका अभ्यासानें २०१९ मध्यें दाखविलें. तोच आंकडा पुन्हां तपासून दुसऱ्या संशोधकानें त्या निष्कर्षाबद्दल शंका काढली. जुलै २०१९ मध्यें कंपनीनें तें दृश्य मालिकेंतून काढून टाकलें. दोन वर्षें उशिरां कां होईना, तिसरा प्रश्न विचारला गेला. या विषयाशीं संबंध आला आहे म्हणून येथेंच सांगून ठेवितों : आपल्या देशांत २०२२ सालापासून ‘टेली-मानस’ ही मानसिक आधाराची विनामूल्य दूरध्वनिसेवा आहे. तिचा क्रमांक १४४१६. तो घरांत सर्वांना ठाऊक असावा.

कोणी काय पाहावें हें ठरविण्यासाठीं आपल्याकडे कायदा आहे. १९५२ च्या कायद्यांत २०२३ सालीं दुरुस्ती होऊन, पालकांच्या मार्गदर्शनानें पाहावयाच्या चित्रपटांचे सात, तेरा आणि सोळा वर्षें असे तीन वयोगट पाडण्यांत आले. हें योग्यच झालें. परंतु चित्रगृहाच्या दारावर माणूस उभा असतो. मुलाच्या हातांतल्या मोबाईलच्या दारावर कोणीहि नसतो. शिवाय ‘पालकांच्या मार्गदर्शनानें’ या शब्दांचा अर्थच असा कीं, सरकारनें आपलें काम करून पुढचें काम घराकडे सोंपविलें आहे. तें काम केवळ मनाई करण्यानें पुरें होत नाहीं. मनाई केलेली गोष्ट मुलें पाहतातच. फक्त आपल्याशीं त्याबद्दल बोलत नाहींत.

आणि येथें एक चमत्कारिक गोष्ट ध्यानांत येते. किशोरांवरील चित्रपटांविषयीं सर्वांचीं मतें आपण ऐकतों : समीक्षकांचीं, आयोगांचीं, न्यायालयांचीं, आईबापांचीं. ज्यांच्यावर चित्रपट काढला त्या किशोरांचें मत मात्र क्वचितच विचारलें जातें. बर्लिनच्या चित्रपट महोत्सवांत ‘जनरेशन’ नांवाचा मुलां-किशोरांचा एक विभाग आहे. चौदा वर्षांवरील मुलांसाठीं असलेल्या चित्रपटांतून उत्तम कोणता, हें तेथें त्याच वयाच्या मुलामुलींचें परीक्षकमंडळ ठरवितें. २०१० सालीं या ‘जनरेशन’ विभागांत एक मराठी चित्रपट दाखविला गेला. तोच वालूरला आम्ही पाहिलेला ‘विहीर’.

उमेश विनायक कुलकर्णी यांनीं दिग्दर्शित केलेला हा चित्रपट २०१० च्या मार्चमध्यें महाराष्ट्रांत प्रदर्शित झाला. समीर आणि नचिकेत हे मावसभाऊ. सुटींत, लग्नाच्या निमित्तानें, सारें कुटुंब गांवच्या घरीं जमलें आहे. नचिकेताच्या मनांत कांहीं तरी खदखदत आहे; त्याला या सगळ्यांतून निघून जावेंसें वाटतें. पुढें तो विहिरींत बुडून मरतो. तो अपघात होता कीं आणखी कांहीं, याचा निवाडा चित्रपट देत नाहीं. उरलेल्या भागांत समीर त्याला शोधीत राहतो, जणूं लपाछपीचा डाव अजून संपलेलाच नाहीं. यमाच्या दारीं जाऊन मृत्यूचें रहस्य विचारणारा कठोपनिषदांतला मुलगा नचिकेतच होता, हें ज्यांना आठवेल त्यांना त्या नांवाचा अर्थ निराळा सांगावयास नको.

या चित्रपटांत खून नाहीं, पोलीस नाहींत, भीतिदायक संगीत नाहीं. तरीहि मी त्याला मनाचा रहस्यपट म्हणतों. कारण त्याचें रहस्य शेवटपर्यंत मनांतच राहतें. तो निर्दोष आहे असें मात्र नाहीं. तो संथ आहे. उत्तरार्धांत समीर घर सोडून भटकतो, त्याला एक धनगर भेटतो, त्या भागांत कथा रेंगाळते. पायऱ्या उतरविण्याच्या नादांत दिग्दर्शकानें एकेका पायरीवर फार वेळ बसविलें, अशी तक्रार कोणी केली तर ती मला मान्य आहे.

वालूरच्या घरीं तीच तक्रार प्रथम झाली. माझ्या बहिणीचे सासरे, अण्णा, हे निवृत्त शिक्षक. ते म्हणाले, “दोन तास बसलों, हातीं काय लागलें? पोरगा गेला तो कसा गेला, एवढें तरी सांगायचें!” बहीण म्हणाली, “मला तर सारखें वाटत होतें, त्या लग्नघराच्या धांदलींत त्याच्याकडे पाहायला कोणाला सवड होती, मामंजी?” मीहि माझें पांडित्य पाजळलें आणि हिचकॉकच्या बाँबची गोष्ट सांगितली. अर्धा तास आम्हां वडील माणसांचा वाद रंगला. दहावींत शिकणारा भाचा कोपऱ्यांत बसून ऐकत होता. “तुला कसा वाटला रे?” असें मीं विचारलें तेव्हां त्यानें “ठीक आहे” एवढेंच उत्तर दिलें.

रात्रीं आम्ही दोघे गच्चीवर झोंपावयास गेलों. बराच वेळ गेल्यावर तो आपण होऊन म्हणाला, “मामा, तो धनगराचा भाग कंटाळवाणाच होता. पण नचिकेत इतकें बोलतो आणि कोणी मनावर घेत नाहीं, तें खरें आहे.” मीं विचारलें, “तुझ्या बाबतींतहि तसें होतें?” तो थोडा थांबला. “पुढच्या वर्षीं मला लातूरला शिकवणीला ठेवणार आहेत. खोलीसुद्धां बघून झाली. मला जायचें आहे कीं नाहीं, हें कोणी विचारलेंच नाहीं.”

श्रोतेहो, मराठवाड्यांतील किती घरांतून दहावीनंतर मुलें लातूरची वाट धरितात, हें तुम्हांस ठाऊक आहे. त्यांत वाईट कांहीं नाहीं. कित्येकांचें कल्याणच झालें आहे. परंतु एक गोष्ट माझ्या मनाला लागली. चित्रपटाच्या गुणदोषांवर आम्ही जें बोललों तें सारें बरोबर होतें, आणि तें आम्हांला कोठेंहि घेऊन गेलें नव्हतें. त्या मुलानें त्याच सदोष चित्रपटांतून एक पायरी नेमकी उचलली आणि तिच्यावर पाय ठेवून तो स्वतःच्या प्रश्नापर्यंत उतरला. चित्रपट नसता तर तो प्रश्न त्यानें मला विचारला असता कीं नाहीं, याची मला शंका आहे.

म्हणून माझें सांगणें एवढेंच कीं, असा एखादा चित्रपट घरांत पाहिला गेला, तर निकाल देण्याची घाई करूं नये. तो फसलेला असेल तर फसलेला म्हणावा; धक्के देणारा असेल तर तसें स्पष्ट सांगावें; लहानांच्या योग्य नसेल तर तो बंद करावा. परंतु घरांतील पंधरा वर्षांच्या प्रेक्षकाला ‘आवडला का’ असें विचारून थांबूं नये. ‘त्यांतलें खरें काय वाटलें?’ असें विचारावें, आणि उत्तर येईपर्यंत आपण गप्प राहावें. उत्तर लगेच येणार नाहीं. तें कदाचित् दिवा मालवल्यानंतर, गच्चीवर, पाठ वळवून दिलेलें असेल.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं मीं बहिणीला एकटीला गांठून मुलाचें म्हणणें सांगितलें. ती कांहीं बोलली नाहीं. पण संध्याकाळीं मायलेक दोघेंच बारवेकडे फिरावयास गेलेलीं मीं पाहिलीं. या जूनमध्यें भाचा लातूरला गेला. मात्र जाण्यापूर्वीं त्याला विचारलें गेलें होतें, खोली त्यानें स्वतः पाहून पसंत केली होती, आणि दिवाळीपर्यंत मन रमलें नाहीं तर परत यावयाचें, असें आईनें त्याला कबूल केलें होतें.